अलीकडील अतिवृष्टि आणि वादळें: दोष कोणाचा?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं दुपारींच शाळा सोडून द्यावी लागली, हें आपणांस स्मरत असेल. कामवारीचें पाणी नदीनाक्याजवळ चढूं लागलें होतें, तीनबत्तीच्या बाजारांत गुडघाभर पाणी सांचलें होतें, आणि लहान वर्गांतील मुलांना नेण्यासाठीं पालक भिजत फाटकाशीं उभे होते. दोन दिवसांनीं नववींतील एक विद्यार्थी वर्गांत आला तो वह्यांवांचून. त्याच्या वडिलांचे चार यंत्रमाग आहेत. जमिनीवर रचून ठेवलेलें सूत भिजून फुकट गेलें, मोटारींत पाणी शिरलें, आणि माग आठ दिवस बंद राहिले. मुलाच्या वह्याही त्याच खोलींत होत्या. तास संपल्यावर त्यानें आम्हांस विचारलें, "सर, बाबा म्हणतात, नाला वेळेवर उपसला नाहीं म्हणून हें झालें. काका म्हणतात, हा हवामानबदल आहे, त्यापुढें कोणाचें कांहीं चालत नाहीं. खरें कोणाचें?"

आम्हीं त्या वेळीं कांहींतरी उत्तर दिलें. तें आमचें आम्हांसच समाधानकारक वाटलें नाहीं. म्हणून हा लेख लिहिण्यास बसलों. प्रश्न केवळ परीक्षेंतील नव्हे. काकांचें म्हणणें सर्वस्वीं खरें मानलें तर नाला उपसण्याचें कारणच उरत नाहीं. आणि वडिलांचें म्हणणें सर्वस्वीं खरें मानलें तर नाला उपसून झाल्यावर स्वस्थ झोंपण्यास हरकत नाहीं. चार मागांवर ज्याचें घर चालतें त्याला दोन्ही चुका सारख्याच महाग पडतील.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं वादळें कांहीं आजचीं नाहींत. आपल्या शेजारून वाहणाऱ्या वैतरणा नदीचें नांव दिलेली एक आगबोट १८८८ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघाली होती. तीवर विजेचे दिवे होते. त्यामुळें लोक तिला 'वीजळी' म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्यानजीक ती वादळांत सांपडली व सातशेंहून अधिक माणसांसह नाहींशी झाली. पुढें १९४८ च्या नोव्हेंबरांत खुद्द मुंबईवर चक्रीवादळ आदळलें. त्या काळीं पृथ्वीची उष्णता आजच्याइतकी वाढलेली नव्हती. तेव्हां 'वादळ आलें, त्या अर्थीं हवामान बदललें' हें अनुमान लंगडें आहे.

परंतु जुन्या काळच्या नांवावर सांगितलेली प्रत्येक गोष्टही खरी मानूं नये. १८८२ सालच्या जून महिन्यांत मुंबईस महाभयंकर चक्रीवादळ झालें व त्यांत एक लाख माणसें मेलीं, असें अनेक पुस्तकांत छापलेलें आहे. कोलंबिया विद्यापीठांतील वादळांचे अभ्यासक ॲडम सोबेल यांनीं या गोष्टीचा माग काढला, तेव्हां त्या काळच्या नोंदींत अशा वादळाचा पत्ताच लागला नाहीं. एक लाख माणसें म्हणजे त्या वेळच्या मुंबईच्या लोकसंख्येचा मोठाच भाग. इतकीं माणसें मेलीं असतीं तर वर्तमानपत्रांतून व सरकारी दप्तरांतून तिचा आक्रोश उमटल्यावांचून राहता ना. एकानें लिहिलें, दुसऱ्यानें उतरून घेतलें, आणि गोष्ट खरी झाली. वर्गांत शेजाऱ्याची वही पाहून उत्तर लिहिणाऱ्यांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें.

मग विश्वास कशावर ठेवावा? मोजलेल्या पावसावर. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं स्थापन झाली. सबंध हिंदुस्थानासाठीं हवामान खातें १८७५ सालीं निघालें. रोज सकाळीं साडेआठ वाजतां मागील चोवीस तासांचा पाऊस मोजावयाचा, हा नेम आजही चालूं आहे. एका दिवसांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढें गेला तर तो जोरदार पाऊस, ११५.६ पासून अति जोरदार, आणि २०४.५ च्या पुढें अत्यंत जोरदार, अशा पायऱ्या खात्यानें ठरविल्या आहेत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढें सूत्र पाठ असलें म्हणजे पुढील सर्व हिशेब मुलांस तोंडीं करतां येईल. शंभर मीटर लांब व पन्नास मीटर रुंद अशा पटांगणावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर पांच लाख लिटर पाणी पडलें; दहा हजार लिटरचे पन्नास टँकर एका पटांगणावर ओतल्यासारखें झालें.

आतां उष्णतेकडे वळूं. धुतलेलें धोतर श्रावणांत दोन दिवस वाळत नाहीं आणि वैशाखांत घटकेंत वाळतें, हें घरोघर माहीत आहे. तापलेली हवा अधिक वाफ पोटांत घेऊं शकते. हवेचें उष्णमान एका अंशानें वाढलें, तर तिची वाफ धरण्याची शक्ति शेंकडा सुमारें सातांनीं वाढते. कोळसा, खनिज तेल व वायु जाळल्यामुळें हवेंतील कर्बद्विप्राणिल वायूचें प्रमाण वाढलें आहे. दीडदोनशें वर्षांपूर्वीं दहा लाख भागांत २८० भाग होतें, तें आज ४२० च्या वर गेलें आहे. हा वायु पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता अडवून धरतो. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनीं त्याचें गणित १८९६ सालींच मांडून दाखविलें होतें; तेव्हां ही कल्पना कालची आहे असें कोणीं समजूं नये. पृथ्वीचें सरासरी उष्णमान कारखान्यांच्या युगापूर्वींच्या मानानें एका अंशाहून अधिक वाढलें आहे, आणि २०२४ हें साल त्या मानानें दीड अंशाच्याही वर गेलें.

समुद्र तापला कीं त्याची वाफ अधिक; ती वाफ वर चढून थंड झाली कीं पाणी अधिक. शिवाय वाफेचें पाणी होतांना तींत सांठलेली उष्णता बाहेर पडते, ती ढगास आणखी वर ढकलते, आणि खालून आणखी वाफ ओढली जाते. म्हणजे वादळ आपलें सरपण आपणच गोळा करितें. आपला अरबी समुद्र पूर्वीं बंगालच्या उपसागराच्या मानानें शांत समजला जाई. तोही आतां तापूं लागला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना केली. दुसऱ्या खंडांत अरबी समुद्रांतील चक्रीवादळें सुमारें निम्म्यानें वाढलेलीं आढळलीं, आणि तीं टिकूंही अधिक वेळ लागलीं. 'निसर्ग' नांवाचें वादळ ३ जून २०२० रोजीं रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें व श्रीवर्धन-मुरुडकडील नारळीपोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षीं १७ मे रोजीं 'तौक्ते' मुंबईजवळून गेलें, तेव्हां कुलाब्यास वाऱ्याचा झोत ताशीं ११४ किलोमीटरपर्यंत पोहोंचला, आणि सांताक्रूझला भर मे महिन्यांत एका दिवसांत २३० मिलिमीटर पाऊस पडला.

पावसाच्या नोंदी काय सांगतात? येथें एक चमत्कारिक गोष्ट आहे, आणि वृद्ध मंडळी व शास्त्रज्ञ यांचा वाद पुष्कळदा तिच्याचमुळें होतो. आजोबा म्हणतात, "पाऊस काय, पूर्वींही इतकाच पडे." त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. बी. एन. गोस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं १९५१ ते २००० या पन्नास वर्षांतील मध्य भारताचा पाऊस तपासून २००६ सालीं असें दाखविलें कीं मोसमाच्या एकूण पावसांत लक्षांत येण्याजोगा फरक नाहीं; पण अतिशय जोराचे पाऊस वाढले आहेत व मध्यम पाऊस घटले आहेत. बेरीज तीच, हप्ते बदलले. पुढें २०१७ सालीं रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५० ते २०१५ पर्यंतच्या नोंदींवरून असें काढलें कीं गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यांत, आणि यांत आपला महाराष्ट्रही येतो, मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले आहेत. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे अधिक लहरी झाले आहेत, हें त्यांनीं त्याचें कारण सांगितलें. भातास मात्र हे बदललेले हप्ते मानवत नाहींत. आवणाच्या वेळीं रोजची संततधार हवी असते. आठ दिवस कोरडे व नवव्या दिवशीं पूर, यांची सरासरी काढून रोप जगत नाहीं.

एवढें ऐकून आमचा विद्यार्थी म्हणेल, "म्हणजे काकांचेंच खरें!" थोडें थांबावें. पाऊस जोराचा होऊं लागला आहे हें एक, आणि त्या विशिष्ट दिवशींचा पाऊस हवामानबदलानेंच पाडला हें दुसरें. या दोहोंतील अंतर भिवंडीच्या मुलांस समजणें कठीण नाहीं. मागावर सूत तुटतेंच. हवा कोरडी पडली कीं तें अधिक तुटतें, म्हणून विणकर खोलींत ओलावा राखण्याचा यत्न करितात. समजा, एका मागावर एरवीं दिवसांत दहा वेळां सूत तुटतें, व कोरड्या दिवसांत पंधरा वेळां. आतां त्या पंधरांतील अमुक पांच तोडी कोरड्या हवेच्या व अमुक दहा नेहमींच्या, असें बोट ठेवून कोणास दाखवितां येईल काय? नाहीं. पण म्हणून हवेचा दोष नाहीं असें म्हणणाऱ्या कारागिरास शेठ दुसऱ्या दिवशीं ठेवणार नाहीं. एकेक तोड दाखवितां येत नाहीं. वाढ दाखवितां येते.

अलीकडे शास्त्रज्ञ याहीपुढें एक पाऊल गेले आहेत. ते गणितयंत्रांत दोन पृथ्वी मांडतात. एक आजची, एक न तापलेली. दोहोंवर तसाच मोसम वारंवार चालवून पाहतात, आणि अमुक जोराचा पाऊस कोठें किती वेळां पडतो हें मोजतात. ३० जुलै २०२४ रोजीं केरळांत वायनाड येथें डोंगर कोसळून गांवेंच्या गांवें गाडलीं गेलीं. तेथील पावसाचा असा विचार झाला, तेव्हां पृथ्वी तापल्यामुळें तो पाऊस सुमारें शेंकडा दहांनीं अधिक जोराचा झाला, असा निष्कर्ष निघाला. शेंकडा दहा! कोणी म्हणेल, एवढेंच? पण भरलेल्या घागरींतून बाहेर सांडतें तें पाणी शेवटच्या तांब्याचेंच असतें. डोंगराच्या मातीसही असा एक शेवटचा तांब्या असतो.

आतां २६ जुलै २००५ चा दिवस घेऊं. ज्या पालकांनीं तो पाहिला त्यांस आम्हीं सांगावयास नको. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेथील सबंध पावसाळ्याचा पाऊस साधारण तेवीसशें मिलिमीटर असतो. राज्यांत हजाराहून अधिक माणसें दगावलीं. त्याच दिवशीं, त्याच शहरांत, वीस-पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्यास पडला केवळ ७३ मिलिमीटर. या दोन आंकड्यांचा नीट विचार करावा. तापलेला समुद्र दोघांसही सारखाच होता, तापलेली हवा सारखीच होती. अंशामागें शेंकडा सात या हिशेबानें एकाच्या तेरापट दुसरें होत नाहीं. तो प्रचंड ढग उपनगरांवर ठाण मांडून बसला, हा त्या दिवसाच्या वाऱ्यांचा योग होता. पृथ्वीच्या उष्णतेनें त्या ढगास अधिक पाणी पुरविलें असेल; त्याची जागा तिनें नेमली नाहीं.

आणि पाणी खालीं आल्यावर काय झालें, हा तर निराळाच प्रश्न आहे. मुंबईचीं जुनीं गटारें ताशीं २५ मिलिमीटर पावसासाठीं बांधलेलीं होतीं, तींही समुद्रास ओहोटी असेल अशा बेतानें. त्या दुपारीं कांहीं भागांत तासाला शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत होता, आणि समुद्रास सुमारें साडेचार मीटरची भरती होती. मिठी नदी भरावानें व वस्तीनें आवळली गेली होती. पुढें माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं सत्यशोधन समिति नेमली गेली, व तिनें नद्या, नाले, खाजणें यांच्या दुर्दशेचा सविस्तर विचार केला.

म्हणून आमच्या मतें 'दोष कोणाचा' हा एक प्रश्न नसून दोन आहेत. पाऊस इतका कां पडला? आणि पडलेलें पाणी आपल्या घरांत कां आलें? लोक दुसऱ्याचें उत्तर पहिल्यास व पहिल्याचें दुसऱ्यास देतात, आणि मग भांडतात.

भिवंडीपुरता दुसरा प्रश्न आम्हांस अधिक जवळचा वाटतो. आमचें गांव कामवारीच्या कांठीं, खाडीच्या तोंडाशीं. भरती आली कीं खाडीचें पाणी वर चढतें, आणि त्याच वेळीं डोंगराकडून पुराचें पाणी खालीं आलें कीं मध्यें गांव सांपडतें. हें पूर्वींही होतेंच. पण पूर्वीं गांवाभोंवतीं भातशेतें होतीं. एक एकर भातखाचरांत बांधाच्या आंत दहा सेंटीमीटर पाणी उभें राहिलें, तर तें सुमारें चार लाख लिटर होतें. शंभर एकरांत चार कोटि. तें पाणी शेतांत मुरे, थोडें थोडें बांधावरून उतरे, आणि नदीस सवड मिळे. आज काल्हेर, काशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली या बाजूंस गोदामांच्या पत्र्यांची रांग लागली आहे. पत्र्यावर पडलेलें पाणी क्षणभरही थांबत नाहीं. गोदामांनीं हजारों कुटुंबांस अन्न दिलें, हें नाकारून चालणार नाहीं. आपल्यापैकीं कित्येकांचे वडील तेथें काम करितात. पण खाचरें बुजविलीं तेव्हां त्यांत राहणाऱ्या पाण्यास दुसरी जागा कोणीं दिली नाहीं, हेंही तितकेंच खरें. त्यांत नाल्यांतून प्लास्टिकच्या पिशव्या व चिंध्या भरल्या म्हणजे आणखी काय व्हावयाचें?

एकाच गांवांत, एकाच पावसांत, एक आळी कोरडी राहते व दुसरींत कमरेइतकें पाणी होतें. या दोन आळ्यांवरील आभाळ एकच आहे. तेव्हां त्यांतील फरक जमिनीवर शोधला पाहिजे.

वाऱ्याचीही तीच गत. १३ मे २०२४ रोजीं दुपारीं मुंबई-ठाण्याकडे धुळीचें वादळ उठलें. दिवसाढवळ्या अंधारून आलें. घाटकोपरला जाहिरातीचा अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा माणसें मेलीं. मे महिन्यांतील वळीव आपल्याकडे नवा नाहीं. अशा लहान, घटकाभराच्या वादळांविषयीं हवामानबदलाचा पुरावा अतिवृष्टीइतका भक्कम नाहीं, आणि तो आहे असें भासविणें बरें नव्हे. तो फलक सुमारें एकशेंवीस फूट उंच व तितकाच रुंद होता. एवढें शीड उभारल्यावर वाऱ्यास दोष देणें हें नावाड्यासही शोभणार नाहीं.

याच्या उलट २०२५ चा मे घ्या. मुंबईस मोसमी पाऊस साधारण ११ जूनला यावयाचा, तो २६ मे रोजीं आला. १९५० पासून इतक्या लवकर तो कधीं आला नव्हता. कुलाब्यास त्या महिन्यांत २९५ मिलिमीटर पाऊस झाला व १९१८ सालचा मे महिन्याचा विक्रम मोडला. आगोटीची तयारी व्हावयाची होती, नाले अर्धे उपसलेले होते, कोणाच्या घराचीं कौलें शाकारावयाचीं होतीं. एका वर्षावरून सिद्धान्त बांधतां येत नाहीं. पण ३१ मेपर्यंत नाले साफ करावे हा नेम ज्या पंचांगावर आधारला आहे, तें पंचांग पाऊस पाळीलच, असें आतां धरून चालणें धोक्याचें आहे. आणि येथें वडील व काका या दोघांचें म्हणणें एकमेकांस येऊन मिळतें: आभाळ बदलत असेल, तर नाला पूर्वींपेक्षां लवकर व पूर्वींपेक्षां खोल उपसला पाहिजे.

त्या विद्यार्थ्यास आम्ही आज असें सांगूं: जोराचे पाऊस वाढण्यांत पृथ्वीच्या तापण्याचा वांटा आहे, हें नोंदींवरून व शास्त्रावरून दिसतें. तुमच्या सुतावर आलेल्या पाण्यांतील किती लिटर त्या वांट्याचे, हें कोणी सांगूं शकणार नाहीं; कदाचित् थोडेच असतील. बाकीचें पाणी नेहमींच्या पावसाचें होतें, व तें खोलींत शिरलें तें वाट न उरल्यामुळें. वडिलांस सांगावें कीं सूत जमिनीवर न ठेवतां हातभर उंच फळीवर ठेवावें, आणि मोटारीचा चौथरा वाढवावा. नाल्याविषयीं अर्ज करावयाचाच आहे तर त्यांत 'फार पाणी आलें' असें न लिहितां किती वाजतां, किती बोटें, व त्या दिवशीं किती मिलिमीटर पाऊस पडला असतां आलें, हें लिहावें.

हा शेवटचा आंकडा मिळविण्यासाठीं शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसविण्याचें ठरलें आहे. झाडापासून व भिंतीपासून दूर, जेथें चारी बाजूंनीं मोकळें आभाळ आहे, अशी जागा आठवीच्या मुलांनीं शोधून ठेवली आहे. वहीवर चार रकाने आंखले आहेत: तारीख, सकाळीं साडेआठचा पाऊस, भरतीची वेळ, आणि नदीनाक्याच्या पुलाच्या खांबावर पाणी कोठपर्यंत आलें. ज्यांचीं घरें त्या बाजूस आहेत अशा तिघां मुलांनीं चौथा रकाना भरण्याचें पत्करलें आहे. मात्र पूर चढला असतां खांबाजवळ न जातां, रस्त्यावरूनच पाहावयाचें, ही अट आहे. नोंद १५ मेपासून सुरू होईल. पहिले कांहीं दिवस बहुधा शून्यच लिहावें लागेल. तेंही लिहावयाचें आहे.